खुंट आणि पाणी

डोलीचं जाळं माशांच्या मागे जात नाही. हे मला कळायला फार उशीर लागला. घरात डोल होती, बाबांच्या आधी ती आजोबांची होती, अंगणात जाळ्याचे ढीग पडलेले असायचे आणि त्या ढिगांवर बसून मी पाढे पाठ केले आहेत. तरी मासेमारी म्हणजे माशांचा पाठलाग, असंच माझ्या डोक्यात होतं. पुस्तकातल्या चित्रात होडीत उभा राहून जाळं फेकणारा कोळी असायचा, त्यामुळे असेल.

सातवीची परीक्षा संपली त्या मे महिन्यात बाबा मला होडीवर घेऊन गेले. आईला ते पसंत नव्हतं. पोरीचं काय काम होडीवर, असं शेजारच्या म्हाताऱ्याही म्हणाल्या. बाबांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. माझ्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि चालू लागले. वसईच्या किल्ल्याच्या तटाखालून, पाचूबंदरच्या किनाऱ्यावरून आम्ही अंधारातच निघालो.

बऱ्याच वेळानं समुद्रात मधेच होडी थांबली. आजूबाजूला काहीच नव्हतं. पाण्यावर काही पिंपं तेवढी डोलत होती. त्या पिंपांच्या खाली, तळाच्या चिखलात, आमचे खुंट रोवलेले होते. खुंट रोवणं एका घरचं काम नाही, त्याला चार घरची माणसं लागतात. दोन खुंटांच्या मधे डोलीचं तोंड बांधायचं, ते येणाऱ्या पाण्याकडे करायचं आणि जाळं खाली जाऊ द्यायचं. डोल म्हणजे लांबच लांब पिशवी. तोंडाशी मोठाले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, शेपटाकडे जाता जाता बारीक होत गेलेले, आणि अगदी शेवटी जवळाही निसटणार नाही इतके बारीक. पाण्याला ओढ लागली की तीच डोलीला फुगवते, आणि बोंबील, मांदेली, करंदी त्याच पाण्याबरोबर आत येतात. मात्र पाणी फिरायच्या आत डोल उचलायची. नाहीतर आलेलं सगळं उलट्या पाण्याबरोबर निघून जातं.

बाबांनी दोन्ही बाजूंच्या गाठी स्वतः बघितल्या. खलाशानं बांधलेली एक गाठ त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली. मग कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली आणि फडकं सोडून भाकर खायला बसले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, पाण्याचं काम."

"आणि मासे आलेच नाहीत तर?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "खुंट आपला, पाणी त्याचं," म्हणाले.

हे वाक्य मी पुढे तीसेक वर्षं ऐकत राहिले. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, डोल रिकामी येते, तेव्हा. उधाणाला एकाच फेरीत होडी भरते, तेव्हाही. माझ्या डीएडच्या प्रवेशाच्या वेळी, धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी, आईच्या ऑपरेशनच्या वेळी. प्रत्येक वेळी त्यांनी आपल्या बाजूच्या गाठी दोनदा तपासल्या आणि मग क्रूसाची खूण करून भाकर खाल्ली. माझ्या वडिलांची श्रद्धा मला ऐकून कळली त्याहून जास्त बघून कळली.

मी शाळेत शिकवते, आणि रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. प्रायश्चित्तकाळात दरवर्षी फळ्यावर 'समर्पण' हा शब्द लिहायची वेळ येते. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि मला दर वेळी वाटतं, आपण त्यांना अर्धाच शब्द दिला. कारण लगेच कुणीतरी विचारतं, "म्हणजे आपण काहीच नाही करायचं का, टीचर? देवच करणार?"

तेव्हा मी त्यांना दोन साधी क्रियापदं देते: सोडणं आणि सोपवणं. सोडायला समोर कोणी लागत नाही. माणूस थकतो, कंटाळतो, आशा संपते, आणि तो सोडून देतो. सोपवायला मात्र घेणारा हात लागतो. बाजाराला जाताना आई बाळ शेजारणीकडे सोपवते. ओटीवर ठेवून 'होईल ते होईल' म्हणत निघून जात नाही. जिला सोपवायचं तिला ती ओळखते, दूध कुठे आहे ते सांगते, दारातून पुन्हा एकदा मागे वळून बघते. येशूनं क्रूसावर शेवटी म्हटलं ते लूकच्या शुभवर्तमानात आहे: 'हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.' त्या वाक्यात 'हाती' आहे आणि 'बापा' आहे. ते दोन शब्द काढले तर नुसतं मरण उरतं.

हा फरक मी इतक्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. आमच्या वाड्यातल्या एका बाईचा नवरा समुद्रावरून आला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. तिसऱ्या दिवसापासून माणसं तिच्या घरी येऊ लागली आणि जो तो म्हणू लागला, देवाची मर्जी. चांगली माणसं होती, तिच्यासाठी जेवण घेऊन येत होती, रात्री सोबतीला झोपत होती. पण तोंडात तेच. ती मान हलवायची. एका दुपारी आमच्या स्वयंपाकघरात, आईजवळ, भिंतीला टेकून ती म्हणाली, "म्हणजे देवानंच बुडवली का होडी?" आईनं तिला उत्तर दिलं नाही. आईनं तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मला आजही वाटतं की त्या दिवसांत तिला भेटलेली खरी प्रार्थना तीच होती. दुसऱ्याच्या दुःखावर 'देवाची मर्जी' हे आपण पांघरूण घालतो, आणि त्या पांघरुणाखाली त्या माणसाचा श्वास कोंडतो. ते वाक्य म्हणायचं असेल तर ज्याचं दुःख आहे त्यानं म्हणावं, त्याच्या वेळेला.

येशूनंसुद्धा ते एकदम म्हटलं नाही. गेथशेमाने बागेतली ती रात्र आपण पवित्र गुरुवारी दरवर्षी वाचतो आणि शेवटच्या ओळीकडे धावतो: माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पण त्याआधी तो जमिनीवर पालथा पडलेला आहे. 'अब्बा' म्हणून हाक मारतो आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं मागतो आहे. एकदा मागून होत नाही. उठतो, झोपलेल्या शिष्यांकडे जातो, परत येतो, पुन्हा तेच मागतो. मत्तय सांगतो की तो तीनदा गेला. देवाचा पुत्र एकाच रात्री तीनदा तीच प्रार्थना करतो, तर आपण पहिल्याच दमात 'तुझी इच्छा' म्हणून मोकळे होतो ते कशाच्या बळावर? माझ्या बाबतीत सांगायचं तर अनेकदा मी ते भीतीनं म्हटलं आहे. मागितलं आणि मिळालं नाही तर देवावरचा विश्वास तुटेल, म्हणून मागायचंच नाही. त्या न मागण्याला मी समर्पण समजत होते.

बाबा मागायचे. मोठ्यानं मागायचे. आणि त्यांचा बायबलमधला आवडता भाग कुठला, तर पौलाच्या जहाजाचा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. चष्मा लावून, बोट ओळीखाली फिरवत वाचायचे. पण हा अध्याय ते तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याच्या, डोळ्यानं वाचायचे, आणि मला तो त्यांनी जसा शिकवला तसा कुठल्याच प्रवचनात मिळाला नाही.

पौल, येशूचा प्रेषित, कैदी आहे, त्याला रोमला नेतायत. क्रेताजवळ पोहोचेपर्यंत हंगाम उलटला आहे. पौल सांगतो, आता निघू नका. पण अधिकाऱ्याला जहाजाच्या मालकाचं आणि तांडेलाचं म्हणणं पटतं. इथे बाबा चष्मा काढायचे. "मालकाला घाई असतेच," म्हणायचे, आणि पुढे वाचायचे. वादळ येतं. जहाजाला खालून दोर आवळतात, माल समुद्रात टाकतात, कितीतरी दिवस सूर्य नाही की तारे नाहीत. चौदाव्या रात्री खलाशांना वाटतं, जमीन जवळ आली. बुडीद टाकून बघतात तर वीस वाव पाणी. थोडं पुढे गेल्यावर पंधरा वाव. 'वाव' हा शब्द बायबलात सापडला याचा बाबांना लहान मुलासारखा आनंद होता. आम्हीही वावांतच पाणी मोजतो. दोन्ही हात पसरले की एक वाव.

मग ते मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात. मी विचारलं होतं, मागून का? नांगर तर नाळेवरून, पुढच्या टोकावरून टाकतात ना? बाबांनी ताटातली वाटी घेतली, तिला दोरा बांधला आणि पाण्याच्या परातीत ठेवून दाखवलं. नाळेवरून नांगर टाकला की होडी फिरते आणि वाऱ्याकडे तोंड करते. यांना उजाडल्यावर जहाज किनाऱ्यावर चढवायचं होतं, म्हणून तोंड किनाऱ्याकडेच राहायला हवं. "शहाणे होते," बाबा म्हणाले. "चार नांगर टाकले, आणि मग उजाडायची प्रार्थना करत बसले. आधी नांगर, मग प्रार्थना. वाच नीट."

त्या अध्यायातली आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. देवदूतानं पौलाला आधीच सांगून ठेवलं आहे की तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचा जीव वाचणार. वचन मिळालं आहे. तरी खलाशी जेव्हा नांगर टाकण्याचं निमित्त करून लहान होडीतून पळून जायला बघतात, तेव्हा पौल शिपायांना म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचं वचन आणि खलाशांचे हात, दोन्ही त्याला एकाच वेळी लागतात. त्यात त्याला कुठे विसंगती वाटत नाही. मग पहाटे तो सगळ्यांना जेवायला सांगतो, भाकर हातात घेऊन आभार मानतो, मोडतो, खातो. जहाजावर २७६ माणसं होती, असा आकडा आहे. जेवून झाल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकतात. आणि उजाडल्यावर ते चारही नांगर तोडून समुद्रातच सोडून देतात, सुकाणूचे दोर मोकळे करतात, शीड उभारतात. जहाज वाळूत रुततं, मोडतं. माणसं पोहत, फळ्यांना धरून मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टाला, पोहोचतात. सगळी.

जहाज वाचलं नाही, याकडे बाबांनी कधी माझं लक्ष वेधलं नाही. ते मला नंतर कळलं.

२०२१ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला बाबांना कोरोना झाला. ते ७१ वर्षांचे होते. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात कशीबशी खाट मिळाली. दारापर्यंत भाऊ गेला. आत कुणालाच सोडत नव्हते. बाबांकडे साधा फोन होता, तो दोन दिवसांत बंद पडला. रोज संध्याकाळी वॉर्डातून कुणीतरी एकदा माहिती द्यायचं. मी दिवसातून चार-पाचदा फोन करायची. आणि मी एक वही केली. तारीख, वेळ, ऑक्सिजनचा आकडा. ९१. ८८. ९३. ९०. आकडा चढला की मी देवाचे आभार मानायची, उतरला की त्याच्याशी सौदा करायची. चर्च बंद होतं, मिस्सा मोबाइलवर बघायची; फादर अर्पण करत असताना माझा एक डोळा वरून येणाऱ्या मेसेजकडे असायचा. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना मी शिकवलेलं सगळं त्या वहीत बुडालं होतं.

तौक्ते चक्रीवादळ आलं ते त्याच दिवसांत. १६ मेच्या संध्याकाळपर्यंत भावानं आणि वाड्यातल्या सगळ्यांनी होड्या आत आणून बांधल्या. दोरावर दोर. १७ तारखेला, सोमवारी, वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला. आमच्याकडे वीज सकाळीच गेली होती. दुपारी फोनची रेंज गेली. संध्याकाळी माझा फोनच बंद पडला. शेजारच्या घराचे पत्रे उडाले, बोंबील वाळवायच्या वलांड्या आडव्या झाल्या, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात ती वही हातात घेऊन उभी होते. आकडा विचारायला काही मार्गच उरला नव्हता.

आई मेणबत्तीच्या उजेडात रोझरी म्हणत होती. तिच्याबरोबर बसले, पण माझ्या तोंडून 'नमो मरिये' निघेना. मला शांती वगैरे काही वाटली नाही, हे सांगायला हवं. अशा वेळी आतून एक गाढ शांती येते असं मी ऐकलं आणि वाचलं होतं. माझ्या आत राग होता. मी देवाला म्हटलं, मला आकडा कळत नाहीये, तुला कळतोय. तू बघ. एवढंच. त्यात भक्तिभाव नव्हता, रीतसर प्रार्थनेचा एक शब्द नव्हता. मग मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले, दोनेक तास. ती वही अजून माझ्याकडे आहे. १७ मेच्या ओळीत काहीच लिहिलेलं नाही. आयुष्यात मी देवावर खरोखर काही सोपवलं असेल तर ते त्या कोऱ्या ओळीत आहे, आणि तेही हातातलं सगळं काढून घेतल्यावर.

बाबा महिन्याच्या शेवटी घरी आले. वादळाच्या रात्रीचं त्यांनी सांगितलं ते असं: तिकडे खिडक्या धडधडत होत्या, आणि त्यांना कळत होतं की हा साधा वारा नाही, होड्या बांधल्या असतील की नाही म्हणून जीव वर-खाली होत होता. पेज भरवायला आलेल्या वॉर्डबॉयचा हात त्यांनी दोनदा झटकला. तिसऱ्यांदा तो पोरगा नुसता चमचा धरून उभा राहिला. "मग खाल्लं त्याच्या हातून," बाबा म्हणाले. "काय करणार? उभाच होता." त्या मुलाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. तोंडावर मास्क होता, त्यामुळे चेहराही बाबांनी पाहिला नव्हता. मी इकडे अंधारात देवाला 'तू बघ' म्हणत होते, आणि तिकडे देव चमचा धरून उभा होता, असं मला वाटतं. मी हे पुरावा म्हणून सांगत नाही. मला तसं वाटतं.

इथे मला आमच्या वसईच्या संताबद्दल थोडं लिहायचं आहे. गोन्सालो गार्सिया. त्यांच्या नावाचं कॉलेज वसईत आहे, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं आणि माणूस मात्र विसरायला होतो. सोळाव्या शतकाच्या मध्यात, वसई पोर्तुगिजांकडे असताना, त्यांचा जन्म इथे झाला. येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइटांकडे शिकले, त्यांच्याबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले. त्यांच्या संघात प्रवेश मिळावा ही इच्छा मात्र पुरी झाली नाही. मग ते व्यापारात पडले. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून गेले आणि दुभाषे म्हणून पुन्हा जपानला आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रूसावर चढवलं, त्यांत ते होते. १८६२ मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

लहानपणी मला त्या क्रूसाची भीती वाटायची. आता माझं लक्ष त्याच्या आधीच्या वाटेकडे जातं. त्यांतल्या बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, ऐन थंडीत, क्योतोपासून नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभर त्यांना चालवत नेलं. रोज सकाळी उठायचं आणि त्याच दिशेला पुन्हा चालायचं. क्रूसावर माणूस एकदाच चढतो, पण त्या वाटेवर त्यांना तीसेक सकाळी स्वतःला नव्यानं द्यावं लागलं असेल. आणि त्याही आधी, संघाचं दार उघडलं नाही तेव्हाची ती वर्षं. देवाला स्वतःला द्यायला निघालेल्या माणसाला 'तुझी गरज नाही' असं वाटायला लावणारी वर्षं. वसईच्या त्या मुलानं ती कशी काढली असतील याचा विचार मी हुतात्म्याच्या चित्रासमोर उभी राहून करते.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांची एक प्रार्थना मी कॉलेजच्या दिवसांपासून म्हणत आले आहे. प्रभू, माझं सगळं स्वातंत्र्य घे, माझी स्मृती, माझी बुद्धी, माझी इच्छा घे, अशा अर्थाची. इग्नाशियस शिपाईगडी, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्य बदललं. त्यांनी ती लिहिली तेव्हा शब्दांचं वजन त्यांना ठाऊक असणार. मी ती वीस-पंचवीस वर्षं सहज म्हणत होते. २०२२ च्या पावसाळ्यात बाबा अंगणात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर हळूहळू त्यांना नावं आठवेनाशी झाली. एका रात्री ती प्रार्थना म्हणताना 'माझी स्मृती घे' या शब्दांपाशी मी थांबले. पुढे म्हणता आलं नाही. अजूनही तिथे मी अडखळते, पण आता न थांबता अडखळते.

बाबांची त्या काळातली तगमग बघणं अवघड होतं. ज्या माणसानं जन्मभर समुद्र देवाच्या हाती दिला, त्याला पाण्याचा पेला सुनेच्या हातून घेता येत नव्हता. हे त्या आजारातलं नव्हतंच, खरं तर. भाऊ चाळिशीला आला तरी होडीवर बाबांच्या लेखी तो खलाशीच होता. त्यानं बांधलेली गाठ बाबा सोडून पुन्हा बांधायचे, मी सातवीत असताना पाहिली तशीच. 'खुंट आपला' यातला 'आपला' म्हणजे बाबांचा एकट्याचा. देव दिसत नाही, त्यामुळे त्याला सगळं दिलं असं म्हणता येतं. मुलगा समोर उभा असतो, त्याच्या हातात सुकाणू द्यायचं म्हणजे आपल्या हातातून खरोखर सुटतं. मी हे बाबांच्याबद्दल लिहिते आहे, पण वही माझी होती.

त्यांना आंघोळ घालायचं काम सकाळी शाळेच्या आधी माझ्याकडे असायचं. भावजयीकडून ते मुळीच घालून घेत नसत आणि भाऊ समुद्रावर. लेकीकडून तरी कुठे मनापासून? ओल्या फडक्यानं पाठ पुसताना ते अंग ताठ करायचे. सदरा घालायची वेळ आली की हात छातीशी घट्ट धरून ठेवायचे. मला ते हात हलकेच सोडवावे लागायचे, एकेक बोट. दोरांनी कापलेली, मीठ मुरलेली बोटं. डाव्या तर्जनीवर जुन्या गळाची खूण. कधी कधी मी चिडायची. शाळेला उशीर व्हायचा. "बाबा, हात द्या ना," मी मोठ्यानं म्हणायची, आणि मग दिवसभर मला माझाच आवाज ऐकू यायचा.

पुढच्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर एका संध्याकाळी त्यांनी वाचायला सांगितलं. स्वतः वाचणं केव्हाच थांबलं होतं. मी योहानाचा शेवटचा अध्याय काढला, कारण त्यात मासे आहेत. रात्रभर रिकामं गेलेलं जाळं, उजवीकडे टाका म्हणणारा किनाऱ्यावरचा माणूस, १५३ मोठे मासे, कोळशाच्या विस्तवावर भाजलेली मासळी आणि भाकर. बाबा डोळे मिटून ऐकत होते. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. आणि मग त्याला सांगतो: तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून वाटेल तिकडे जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील, आणि दुसरा कुणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. पेत्राला कसलं मरण येणार ते यातून सुचवलं, असं योहान पुढे लिहितो. हे मी कितीदा वाचलं होतं. पेत्र कोळी होता, हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं असं म्हटलं तरी चालेल.

बाबांनी डोळे उघडले. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"पेत्र काय म्हणाला मग?"

"काही नाही म्हणाला बाबा. येशू म्हणाला, माझ्यामागे ये."

ते बराच वेळ छताकडे बघत राहिले.

दोन-तीन दिवसांनी भाऊ समुद्रावरून आला आणि तसाच, ओल्या अंगानं, त्यांच्या खाटेशी जाऊन बसला. एक खुंट हलला होता. आता पावसाळा तोंडावर आहे, काढून घ्यायचा की आहे तिथेच पुन्हा रोवायचा, की थोडा बाहेरच्या अंगाला न्यायचा, असं त्यानं विचारलं. तो दरवेळी विचारायचा, आणि बाबा अंथरुणावरून हातानं दिशा दाखवायचे. वर्षानुवर्षांचं पाणी त्यांच्या अंगात होतं, माणसांची नावं गेली तरी ते गेलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हात उचलला नाही.

"तू बघ," म्हणाले.

भाऊ जरा वेळ तिथेच बसून राहिला. मग उठला, मागच्या दारी गेला आणि नळ सोडून कितीतरी वेळ तोंड धुत राहिला. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमट पाण्याची बादली आणि सदरा घेऊन बाबांच्या खोलीत गेले, तेव्हा त्यांनी दोन्ही हात आधीच पुढे करून ठेवले होते.